खाली तोंड केलेले बाण

गिटारच्या गोल भोकाच्या कडेपासून अकरा मिलिमीटरवर ओरखडे सुरू होतात. सगळे जाड तारांच्या बाजूला आहेत, सगळे एकाच दिशेनं तिरके आहेत, आणि त्यांतला सर्वांत लांब ओरखडा चार सेंटिमीटरांपेक्षा किंचित कमी भरतो. वरचं पॉलिश तिथं उरलेलं नाही. दोन-तीन ठिकाणी लाकूड झिजून मऊ झालंय आणि त्याला मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखा फिकट रंग आलाय. हे ओरखडे मी चाळीसहून जास्त वर्षं पाहत आले होते. बाबांच्या भुवईवर जसा तीळ होता, तसे बाबांच्या गिटारवर हे ओरखडे. ते कशानं आले असतील, असा प्रश्न मला कधी पडला नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कारखान्यातून आणताना घासली असेल कुठंतरी. पाण्याच्या नमुन्यात क्लोरीन दोन दशांशानं चुकलं तर दुसरी बाटली घेऊन विहिरीवर परत जाणारी मी, या ओरखड्यांच्या बाबतीत इतक्या सहज समाधान मानून बसले होते.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी कारासावा-सान यांनी त्या ओरखड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मोमोसे-सान, तुमच्या घरी डावखुरं कोण होतं?"

मेतोबा नदीच्या काठावर त्यांचं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर दर शनिवारी आमचं मंडळ जमतं, म्हणजे नऊ माणसं, नऊ खुर्च्या आणि नऊ गिटारी. रेडिओवर लहानपणापासून ऐकलेली गाणी आम्ही टॅबवरून, म्हणजे आकडे लिहिलेल्या कागदावरून, बसवतो आणि डिसेंबरात जवळच्या सभागृहात वाजवून दाखवतो. आदल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत मीही त्या नवांतली एक होते. मग एका सकाळी नमुना घेताना विहिरीवरचं लोखंडी झाकण बर्फावरून घसरलं आणि माझा डावा हात त्याच्याखाली सापडला. अनामिकेचे नऊ मिलिमीटर गेले, करंगळीचे सहा. तारा दाबायच्या त्या हाताचीच ही दोन बोटं. जखम भरली, मी कामावर परत गेले, पण गिटारची पेटी काही उघडली नाही. मंडळाची यादी दुकानाच्या भिंतीवर असते. तिच्यात माझं नाव अजून होतं, पण कारासावा-साननी त्याच्याभोवती पेन्सिलीनं कंस काढला होता. दर दोन-तीन महिन्यांनी ते विचारायचे, "कंस खोडू की नाव खोडू?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात सांगते. असे बावीस महिने गेले. शेवटी एका माध्यमिक शाळेच्या गिटार क्लबला वाद्यं हवी आहेत असं कळलं, आणि मला वाटलं, गिटारच देऊन टाकली तर मला काहीच ठरवावं लागणार नाही. म्हणून त्या शनिवारी मी पेटी घेऊन गेले होते. शाळेत पाठवण्यापूर्वी कारासावा-सान ती पुसून, तारा बदलून देणार होते.

"डावखुरं कुणी नाही," मी म्हणाले.

"मग मांजर डावखुरं असेल." त्यांनी गिटार उचलली, तिची मान उलट्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे केली आणि ती मांडीवर घेतली. "हे बघा. सरळ धरली की नखं इथं पडतात." त्यांनी बारीक तारांच्या बाजूची काळी प्लॅस्टिकची पट्टी दाखवली. लाकूड खरवडलं जाऊ नये म्हणून अशा गिटारींना ती असते. "ही तर कोरी आहे. पेटीतल्या लग्नाच्या किमोनोसारखी, वापरलेलीच नाही. तुम्ही तर कडेवर रुमाल टाकून, नुसत्या बोटांनी वाजवता, तुमचं नख इथं लागतच नाही. आणि उलटी धरली की..." त्यांनी डावा हात सोडला. त्यांची नखं बरोबर ओरखड्यांवर येऊन टेकली. "आता कड पाहा. हात टेकतो तिथलं पॉलिश मेलंय. तेही उलट्या बाजूचं. पण तारा बदललेल्या नाहीत हं. वरच्या खाचा पाहा, जाड तारेची खाच जिथं असायला हवी तिथंच आहे. म्हणजे तारा आपल्या जागी, पण धरली उलटी. बारीक तार वर, जाड खाली. असं वाजवणारे असतात. हट्टी जमात."

"बाबा उजवे होते," मी म्हणाले. "उजव्या हातानं लिहायचे, उजव्या हातानं जेवायचे. कारखान्यात अडतीस वर्षं गिटारी तपासल्या त्यांनी."

"तपासल्या असतील. मी कुठं नाही म्हणतो? मी फक्त लाकूड काय म्हणतंय ते सांगतोय."

आमच्या प्रयोगशाळेत एक निरीक्षण म्हणजे योगायोग समजतात. पण एकमेकांशी संबंध नसलेली दोन निरीक्षणं एकच गोष्ट सांगायला लागली, की बसून घ्यायचं. मी दुकानातल्या बैठ्या स्टुलावर बसले. कारासावा-साननी गिटार माझ्यासमोर आडवी ठेवली आणि ते चहा आणायला आत गेले. मला आठवत होती ती बाबांची पेन्सिल. मी दहा वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला गिटार शिकवली, पण शिकवताना ती कधी हातात घेतली नाही. गिटार माझ्या मांडीवर, बाबा समोर, मध्ये बैठं टेबल आणि टेबलावर त्यांच्या हातचा कागद. कागदावर सहा रेघा, म्हणजे सहा तारा. रेघेवर तीन लिहिलं असेल तर त्या तारेवर, मानेवरच्या तिसऱ्या पट्टीत बोट ठेवायचं, शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत बारीक तार. एवढं पाच मिनिटांत समजतं. स्वर ओळखता येत नसेल, संगीत म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तरी आकडे वाचता येणाऱ्या कुणालाही हा कागद चालतो. बाबा पेन्सिलीचं टोक एकेका आकड्यावर ठेवत जायचे. मी अडले की म्हणायचे, "आकडा वाच." मी म्हणायचे, "एकदा वाजवून दाखवा ना, बाबा." ते म्हणायचे, "आकडे आहेत की. दाखवायचं काय त्यात?" मला वाटायचं, हा माणूस कोरडा आहे. कागदावर विश्वास ठेवणारा, माणसांवर कमी. पुढं मीही तशीच झाले आणि मला त्याचं बरंच वाटत आलं.

ते वाजवायचे, पण मागच्या खोलीचं दार लावून. रविवारी सकाळी आई बाजारात गेली की ते दार बंद व्हायचं आणि आतून स्वर यायचे. दाराला कान लावून मी ऐकायचे. सगळ्यांत जास्त ते एकच गाणं वाजवायचे. मी सहा-सात वर्षांची असताना प्रत्येक दुकानात, प्रत्येक सार्वजनिक स्नानगृहात, प्रत्येक टॅक्सीत ते वाजत असे. बर्फात बोटीच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईचं गाणं. मूळ गाण्यात तिसऱ्या ओळीला एकदम तुताऱ्या घुसतात, त्यांच्यामागून वीस व्हायोलिनं. बाबांकडे सहा तारा होत्या. पुढं कधीतरी त्यांनी टेपवर ते गाणं मागं-पुढं करून उतरवलं असणार, शेकडो वेळा, बटण दाबत, सोडत. कारण त्यांच्या कागदावर तुताऱ्यांच्या जागी काहीच नाही. फक्त एक मोकळी तार. एक शून्य. ती मोकळी तार नुसती वाजत राहते आणि बर्फातला सगळा धक्का रिकामा होऊन समोर येतो. वीस व्हायोलिनांना जे जमलं नव्हतं ते एका शून्यानं केलं होतं. मी वयानं मोठी झाल्यावर हे मला कळलं. एखाद्या गाण्यातून काय काढून टाकायचं हे ज्याला कळतं, त्यालाच ते गाणं दुसऱ्याच्या हातात देता येतं. त्यांनी अशी चौदा गाणी उतरवली. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं आकडे कोरायचे आणि कारखान्याच्या सायक्लोस्टाईलवर प्रती काढायच्या. दुपारच्या सुट्टीत तपासणी विभागातले सहा-सात जण त्या प्रती समोर ठेवून वाजवत बसायचे, तपासायला आलेल्याच गिटारींवर. सुट्टी संपली की ज्या गिटारी जशा आल्या तशाच परत रांगेत ठेवायच्या. तारेला हात लावायचा नाही, काही बदलायचं नाही.

दाराआडून ऐकलेल्या त्या वाजण्यात एक गोष्ट होती जी मला आयुष्यभर जमली नाही. गाण्यात काही जागी सगळ्या तारा एकदम न छेडता एकामागून एक ओघळू द्यायच्या असतात. मी त्या ओघळवायचे तेव्हा कुणीतरी जिना चढतंय असं वाटायचं. बाबांचे स्वर जिना उतरायचे. अनवाणी, घाई न करता, वरच्या मजल्यावरून खालच्या अंधाऱ्या खोलीत. मी तीस वर्षं सराव केला, बोटं बदलली, नखं वाढवली, कापली. माझा जिना चढतच राहिला. शेवटी मी मान्य केलं, की प्रतिभा बाबांकडे होती आणि माझ्याकडे नुसता नीटनेटकेपणा आला.

कारासावा-सान चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "बाणांचं आठवतं तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? आम्ही सगळे हसलो होतो."

मीही हसले होते. मंडळात येऊन मला वर्ष झालं असेल, तेव्हा बाबांच्या चौदा गाण्यांच्या स्वच्छ प्रती काढून मी सर्वांना दिल्या. ओघळणाऱ्या जागी टॅबवर एक नागमोडी रेघ काढतात आणि तिच्या टोकाला बाण. इथं नवशिके हमखास फसतात. कागदावर बारीक तार वर असते, पण गिटार मांडीवर घेतली की ती खाली असते. म्हणून हात खाली जातो तेव्हा कागदावरचा बाण वर जायला हवा. नवशिका मात्र हाताकडे पाहतो आणि बाणही खाली काढतो. बाबांच्या कागदांवरचे सगळे बाण खाली तोंड केलेले होते. मी मोजले होते, चौदा गाण्यांत एकेचाळीस. मी ते एकेचाळीस बाण फिरवले आणि प्रती वाटताना म्हणाले, "हजारो गिटारी तपासलेला माणूस, पण बाण मात्र पहिल्या महिन्यातल्या पोरासारखे काढायचा." सगळे हसले. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला ते प्रेमानं बोलल्यासारखं वाटलं होतं.

"एकही चुकला नव्हता," मी म्हणाले.

"काय?"

"बाण. एकही चुकला नव्हता. गिटार उलटी धरली की बारीक तार वर येते. कागदावरही ती वरच असते. त्यांचा हात खाली जायचा आणि बाणही खाली जायचा. त्यांनी जे दिसत होतं तेच लिहिलं."

कारासावा-साननी चहाचा पेला खाली ठेवला. मी पुढं विचार करत होते आणि एकेक गोष्ट जागेवर पडत होती. बाबांच्या कागदांवर काही आकड्यांभोवती लहान वर्तुळं होती. ती नेहमी वरच्या दोन रेघांवर असायची, जिथं गाण्याची चाल असते. मी समजत आले होते, ही चाल उठून दिसावी म्हणून केलेली खूण. आता मला कळलं की ते वर्तुळ म्हणजे अंगठा. उलट्या गिटारवर अंगठा बारीक तारांच्या शेजारी येतो. आम्ही सगळे अंगठ्यानं जाड तारा सांभाळतो आणि चालीसाठी बाकीची बोटं वापरतो. ते अंगठ्यानं गायचे आणि तर्जनी-मधल्या बोटानं खालच्या तारा चालवायचे. सहा रेघा वरून खाली, सहा तारा वरून खाली. तो कागद म्हणजे त्यांची मांडीच होती. बाबा जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो गिटारसह नाही, आवाजाची एकही टेप नाही. तरी त्यांचा हात कसा हलत होता, कुठून सुरू व्हायचा, कुठं थांबायचा, कोणतं बोट कशावर, हे सगळं एकेचाळीस बाणांत आणि काही वर्तुळांत पडून होतं. ते माझ्याच कपाटात होतं, आणि मी ते दुरुस्त केलं होतं. दुर्बिणीतून पाहणाऱ्या लोकांना म्हणे कधीकधी असं होतं. विझून गेलेल्या ताऱ्याचा प्रकाश अजून येत असतो. पण तारा दूर असतो. हा माणूस टेबलापलीकडे बसलेला होता.

"ही गिटार मी आज परत नेते," मी म्हणाले.

"न्या. पण पुढच्या शनिवारी यादी छापायला जाणार आहे." ते पेटीची कडी लावत म्हणाले. "कंसात नाव छापता येत नाही हो, छापखानावाला हसतो. मी सत्तर पार केलेत. तुमचा कंस बरोबर घेऊन वर जायची माझी तयारी नाही."

मी हो म्हणाले, पण कशाला हो म्हणाले ते मलाच नीट कळलं नव्हतं.

घर नदीपासून वीस मिनिटांवर आहे. आई आणि मी, दोघीच राहतो. त्या आठवड्यात अंगणातल्या झाडाची तुरट पर्सिमनं उतरवली होती आणि आई ती सोलत होती, सोलून दोरीला बांधून ओसरीत वाळत घालायची म्हणून. ती चौऱ्याऐंशीची आहे आणि फळ सोलताना साल तुटू देत नाही. मी पेटी भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर दोरी बांधायला बसले. गाठ मारताना माझी दोन आखूड बोटं मध्ये येतात. ती ते बघते आणि पुढचं फळ सोलायला घेते.

"दिली नाहीस?" तिनं पेटीकडे न बघता विचारलं.

"नाही. आई, बाबा डावखुरे होते?"

साल तुटली नाही. "हो मग."

"हो मग म्हणजे? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. त्यात सांगण्यासारखं काय आहे? नाक कसं होतं ते सांगितलं का मी तुला?" तिनं फळ माझ्याकडे सरकवलं. "शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात कमरेच्या पट्ट्याशी बांधून ठेवला होता, सबंध एक हिवाळा. मुलं डावऱ्या म्हणून ओरडायची. मग उजव्यानं लिहायला लागले. अक्षर किती छान होतं बघ. कारखान्यात तर डावखुऱ्याला घ्यायचेच नाहीत त्या कामावर, सगळी अवजारं उजव्या हाताची. म्हणून उजवे म्हणूनच लागले. पण माशी मारायला उठले की डावाच हात. काडी ओढली, डावा. माझ्यावर चिडून ताट सरकवलं, तेही डाव्यानंच. जेवायचे उजव्यानं आणि रागवायचे डाव्यानं." ती हसली. "तू त्यांची मुलगी, एवढी शिकलेली. तुला माशी दिसली, हात दिसला नाही?"

मला माशी मारणारे बाबा आठवले. काडी ओढणारे बाबा आठवले. सगळं दिसलेलं होतं, मी फक्त नोंद केली नव्हती.

"दार म्हणून बंद करायचे का?"

"एकदा दुपारच्या सुट्टीत कुणीतरी बघितलं आणि साहेबांसमोर म्हणाला, बघा, आपले तपासनीस गिटार उलटी धरतात. चेष्टाच होती. पण त्या दिवसापासून त्यांनी लोकांसमोर गिटार वाजवायला म्हणून हातात घेतली नाही. आकडे लिहायला लागले ते त्यानंतरच." तिनं सुरी खाली ठेवली. "आणि तुझ्यासमोर तर घेणारच नव्हते."

"का?"

आईनं पुढचं फळ उचललं आणि ते हातात फिरवलं. "तू चमचा डाव्या हातात घ्यायचीस. तीन वर्षांची होईपर्यंत. त्यांनीच बदलला. मारलं नाही हं कधी. घास तोंडाशी जायच्या आत तुझ्या हातातून चमचा काढायचे आणि दुसऱ्या हातात द्यायचे. दिवसातून वीसदा, तीसदा. न चिडता. तू रडायचीस. मग ते न्हाणीघरात जाऊन टबातलं पाणी गार होईपर्यंत त्यात बसून राहायचे. मी म्हटलं, राहू दे ना. ते म्हणाले, हिला कुणी बांधता कामा नये."

आम्ही उरलेली फळं बांधून संपवली. मी डाव्या हाताकडे बघत नव्हते, तरी तो माझ्या मांडीवर आहे हे मला सारखं जाणवत होतं, परक्याच्या घरी आलेलं मूल दाराशी उभं असल्यासारखं. या हाताची मला आठवण नाही. चमचा आठवत नाही, रडणं आठवत नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईला तिसऱ्या वर्षातलं काही आठवणं शक्यही नाही आणि मी उगाच आठवल्यासारखं करणार नाही. पण विहिरीवर, झाकण घसरलं त्या सकाळी, मी ते कोणत्या हातानं अडवायला गेले होते? उजवा हात रिकामा होता. बाटली अजून पिशवीत होती. अपघाताच्या अहवालात मी लिहिलं होतं, डावा हात सापडला. सापडला नव्हता. तो पुढं झाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठ वाजता डोंगरांवर पहिलं बर्फ दिसत होतं. मी मागच्या खोलीत गेले आणि सवयीनं दार लावलं. कपाटातून बाबांचे मूळ कागद काढले, सायक्लोस्टाईलच्या निळसर शाईचे, कडा पिवळ्या पडलेल्या. बर्फातल्या बाईचं गाणं सर्वांत वर होतं. गिटारची मान मी उजवीकडे केली. शरीर लगेच नाही म्हणालं. सगळी खोली आरशात गेल्यासारखी वाटली. उजव्या हाताची बोटं मानेवर ठेवली तर ती काठीसारखी उभी राहिली. चाळीस वर्षांचं सगळं ज्ञान डाव्या हाताच्या त्या चार टोकांत होतं, आणि त्यांतली दोन टोकं आता नव्हती. उजव्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याला पिपेट धरता येते, थेंब थांबवता येतो. मी त्याला सांगितलं, आकडा वाच. पहिली तार, तिसरी पट्टी. दुसरी तार, शून्य. एकेक बोट ठेवायला मला जवळजवळ एक मिनिट लागलं. मग डावा हात भोकावर आणला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिघांचीच गरज होती. आखूड झालेली दोन बोटं लाकडावर टेकली, आणि मी खाली पाहिलं तेव्हा ती नेमकी ओरखड्यांच्या वर, अजून पॉलिश असलेल्या जागेवर टेकलेली होती. बाबांचीही तिथंच टेकत असली पाहिजेत. तिथलं पॉलिश किंचित मळकं होतं. हेही मी आजवर पाहिलं नव्हतं.

पहिला बाण होता. खाली तोंड केलेला. मी अंगठ्यापासून सुरुवात केली आणि हात नुसता खाली सोडला.

स्वर जिना उतरले.

वाजवणं चांगलं नव्हतं. तिसरी तार नीट दाबली गेली नव्हती, ती फुरफुरली. पण ते स्वर वरच्या मजल्यावरून अनवाणी उतरत खाली आले आणि मी दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी होते. आत मांडीवर गिटार घेऊन बसलेली, आणि बाहेर कान लावून उभी असलेली. माझ्या अंगावर काटा आला. मी काटा आला असं लिहिते कारण खरोखरच दोन्ही हातांवरचे केस उभे राहिलेले मी पाहिले. विज्ञानात अशा वेळी पुन्हा मोजायचं असतं. मी पुन्हा हात खाली सोडला. पुन्हा तेच. एका माणसानं आपला हात सगळ्यांपासून लपवला होता, मुलीचा हातही स्वतःच्या हातांनी बदलून टाकला होता, आणि तरी एका कागदावर, आकड्यांच्या आडून, तो हात जसाच्या तसा ठेवून दिला होता. ठेवताना त्यांना माहीत होतं का, की मला तीनच बोटं लागतील? अर्थातच नव्हतं. माहीत असणं शक्य नाही. पण शक्य नसलेल्या गोष्टीही किती नीट बसतात हे पाहून माणसाचा श्वास थांबतो, आणि त्या क्षणी मला त्याहून जास्त काही समजून घ्यायचं नव्हतं.

स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता, तो थांबला. मग आईची पावलं आली आणि दाराबाहेर थांबली.

"इकुए."

"हं."

"दार उघडून वाजव. यांच्यासारखं करू नकोस."

मी उठून दार उघडलं. ती आत आली नाही, जिथं लहानपणी मी उभी राहायचे तिथं खाली बसली आणि म्हणाली, "कर परत. मघाशी मधली तार फुरफुरली."

त्या आठवड्यात मी रोज कामावर जाण्यापूर्वी वीस मिनिटं बसले. गाणं वाजवायचं नाही, नुसतं पहिल्या ओळीचे चार बाण. बुधवारपर्यंत उजव्या हाताच्या टोकांना फोड आले आणि प्रयोगशाळेत काचनळी धरताना दुखू लागले. गुरुवारी मी फार निराश झाले. पाच दिवसांत मला जे आलं ते नवशिकी मुलगी एका दुपारी करते. माझं वय आणि वेग यांचा साधा हिशेब मांडला तर ते पूर्ण गाणं मला साठाव्या वर्षी येणार होतं, आणि तेही फुरफुरत. गिटार शाळेला देणं अजूनही शक्य होतं. तिथल्या एखाद्या मुलीनं ती सरळ धरली असती, काळ्या पट्टीवर पहिला ओरखडा उठला असता आणि बाबांची बाजू हळूहळू जुनी होऊन गेली असती. हेही वाईट नव्हतं. वाद्यानं वाजावं. शुक्रवारी मी विहिरींच्या फेरीवर होते. शहरातल्या एकवीस विहिरींचं पाणी आम्ही तपासतो, लोक बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात, आणि त्यांना ठाऊक नसतं की ते पाणी डोंगरावर किती वर्षांपूर्वी पडलेलं आहे. आम्हालाही नेमकं ठाऊक नसतं. आम्ही एवढंच पाहतो की ते आज पिण्यासारखं आहे का. मी बाटली भरली, झाकण घट्ट केलं, त्यावर वेळ लिहिली. डाव्या हातानं झाकण फिरवलं होतं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नोंदवलं.

शनिवारी दुकानात गेले तेव्हा वरून मंडळाचा आवाज येत होता. कुणीतरी बर्फातल्या बाईच्या तिसऱ्या ओळीवर अडलं होतं आणि पुन्हा पुन्हा सुरुवात करत होतं. माझ्या फिरवलेल्या बाणांवरून. कारासावा-सान गल्ल्यामागं उभे होते. भिंतीवरची यादी त्यांनी काढून समोर ठेवली होती आणि हातात रबर होतं.

"बोला," ते म्हणाले. "कंस खोडू की नाव खोडू?"

मी पिशवीतून बाबांच्या कागदांच्या नवीन प्रती काढल्या, एकेचाळीस बाण जसे होते तसे, आणि यादीवर ठेवल्या.

"कंस खोडा," मी म्हणाले. "आणि नाव नवशिक्यांच्या रांगेत घाला. डिसेंबरला मी चारच बाण वाजवीन, त्याहून जास्त येणार नाही. पण माझी खुर्ची उजव्या टोकाला ठेवा, कारासावा-सान. माझ्या गिटारची मान आता उजवीकडे असेल. मध्ये बसले तर कुणाला तरी लागेल."